हवा काढण्याची विद्या

माझ्या ड्रायव्हिंगबद्दल माझं स्वतःचं मत फार चांगलं होतं. अठराव्या वर्षी आप्पांनी त्यांच्या जुन्या जीपवर खंबाटकी घाटात शिकवलं. पुढे ऐन आषाढात, बॉनेटच्या पलीकडचं दिसेना अशा धुक्यात मी वरंधा घाटातून गाडी काढली. शारजात आल्यावर परवान्यासाठी पुन्हा श्रीगणेशा करावा लागला, तेव्हा शिकवणारा म्हणाला, ‘आधी चालवलेली दिसते’. ते वाक्य मी घरी तीन वेळा सांगितलं. तर अशी मी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला, दुबईतल्या लहबाबच्या तांबड्या वाळूच्या कडेला उभी होते आणि वाळूत गाड्या चालवणाऱ्या आमच्या क्लबचा मार्शल माझ्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून फुस्स करत हवा सोडत होता.

हा मार्शल मूळचा त्रिशूरचा. आठवडाभर कुठल्याशा गोदामाचे हिशेब बघतो आणि शनिवारी फुकट शिकवतो. इथल्या बऱ्याच क्लबांचं असंच असतं. नवशिके, जरा सरावलेले, तयार झालेले अशा पायऱ्या असतात आणि वरच्याने खालच्याला शिकवायचं, एवढीच फी. माझा चेहरा बघून तो म्हणाला, ‘घबराओ मत सिस्टर, पंद्रह रखता हूँ.’

रस्त्यावर माझ्या टायरात 35 पौंडांची हवा असते. ती पंधरावर का आणायची, याचा हिशेब सोपा आहे. दोन टनांच्या गाडीचा एकेका चाकावर साधारण 500 किलो भार येतो. 35 पौंडांना चाक जमिनीला टेकतं ते जेमतेम हाताच्या एका पंजाएवढ्या जागेवर. पंधरावर आणलं की तीच जागा दुपटीहून जास्त होते, आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढते. चाक मग वाळूत रुतत नाही, वाळूवर पसरतं. उंटाचा पाय बघितलात तर तीच युक्ती तिथे आहे, पसरट गादीसारखी. पण हवा कमी झाली की टायरची रिमवरची पकडही सैल होते. झटक्यात स्टिअरिंग वळवलंत तर टायर रिममधून निसटतो. इथे त्याला ‘पॉप-आउट’ म्हणतात, आणि तो भर उतारावर झाला तर पुढचा तास जॅकखाली फळी सरकवण्यात जातो.

ही विद्या आजची नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर 1920च्या दशकाअखेरीस सुट्ट्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घालायचा. उंटांनीही टाळावा असा तो मुलूख. टायरची हवा कमी करणं, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवणं, सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र वापरणं, हे सगळं त्याने आणि त्याच्या मित्रांनी रुतून-रुतून पक्कं केलं. युद्ध सुरू झाल्यावर 1940 मध्ये याच अनुभवावर त्याने वाळवंटात लांबवर टेहळणी करणारी तुकडी उभी केली. पण मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. वाळूचा कण वाऱ्याने नेमका कसा उडतो हे कळेना, म्हणून युद्धाआधीच, घरी परतल्यावर, त्याने वाऱ्याचा बोगदा उभारून प्रयोग केले आणि 1941 मध्ये त्यावर ग्रंथ छापला. ‘क्युरिऑसिटी’ यानाने मंगळावरच्या ज्या वाळूच्या टेकड्या जवळून तपासल्या, त्यांना बॅग्नोल्डचंच नाव आहे.

शाळेच्या भूगोलात ‘वालुकागिरी’ आणि ‘बारखाण’ हे शब्द मी पाठ केले होते, दोन गुणांच्या टिपेसाठी. त्या टिपेतलं एक वाक्य इथे जीव वाचवतं. वाऱ्याकडची बाजू लांबट, सौम्य आणि दाबून बसलेली असते. वाऱ्याआडची बाजू तीव्र आणि भुसभुशीत असते, कारण माथ्यावरून घरंगळलेली वाळू तिथे नुसती टेकलेली असते. कोरडी वाळू सुमारे 34 अंशांहून तीव्र उतारावर ठरत नाही, आपणहून ओघळते. म्हणून चढायचं वाऱ्याच्या बाजूने आणि उतरायचं ओघळीच्या बाजूने. लिवाच्या वाळवंटातली मोरीब टेकडी, जिच्यावर इंजिनं फुगवलेल्या गाड्यांची शर्यत लागते, ती सुमारे 300 मीटर उंच आणि 50 अंशांची असल्याचं सगळीकडे लिहिलेलं असतं. उंचीबद्दल माझी तक्रार नाही, 50 अंशांचं मात्र वाळूलाच विचारायला हवं.

पहाटे निघण्याचं कारण ऊन एवढंच नाही. रात्रीच्या दवाने वरचा थर घट्ट असतो, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक वळीची सावली पडते. दुपारी बारा वाजता सावल्या गायब होतात आणि सगळं वाळवंट एकच सपाट तांबडा पडदा होतं. समोर खड्डा आहे की टेकडी, ते गाडीचं नाक खाली गेल्यावर कळतं.

आता माझ्या फजितीकडे येते. पहिला चढ खंबाटकीच्या मानाने काहीच नव्हता. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून घेतलं होतं, कारण चाक जरा फिरलं की ते आपणहून ताकद कापतं, आणि वाळूत ताकद कापली की संपलंच. रेडिओवर सूचना आली, ‘मोमेंटम, सिस्टर, मोमेंटम.’ मी वेग घेतला, अर्ध्यावर पोचले, समोर आकाशाखेरीज काही दिसेना, आणि तेवीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय ब्रेकवर गेला. वाळूत ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो आणि गाडी स्वतःच घातलेल्या बांधाला धडकल्यासारखी थांबते. मग मी दुसरी चूक केली. ॲक्सिलरेटर दाबला. चार चाकांनी चार विहिरी खणल्या.

तिसरी चूक करण्याआधी रेडिओ ओरडला म्हणून वाचले. मला तिथूनच गाडी वळवून खाली यायचं होतं. घाटात जागा मिळाली की आपण तेच करतो ना? पण चढावर अडलेली गाडी आडवी झाली की भार खालच्या चाकांवर येतो, ती चाकं रुततात आणि गाडी कलंडते. चढ जमला नाही तर स्टिअरिंग सरळ धरायचं आणि आलो त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये खाली यायचं. चाकोरी दाबली गेलेली असते, ती पुन्हा गिळत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात मी भीती झटकली ती इतकी, की माथ्यावर ॲक्सिलरेटर सोडायला विसरले. माथ्यावर पोचताना वेग मरत आलेला हवा, नाक पलीकडे झुकेपर्यंतच. जास्त असेल तर गाडी उडते, कमी पडला तर पोटावर बसते. माझी उडाली नाही, कारण घाबरून शेवटी सोडलाच. अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे, चारही चाकं रिकामी, तराजूच्या दांडीसारखी गाडी माथ्यावर डुलत राहिली. मग फावडी आली. पोटाखालची वाळू उपसायची असते, चाकांपुढची नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

सगळ्यात जास्त शिस्त आहे ती गाडी ओढून काढण्यात. दोर नायलॉनचा आणि ताणणारा असतो. ओढणारी गाडी थोडी धावते, दोर लांबीच्या जवळजवळ पाव पट ताणला जातो आणि साठलेला जोर रुतलेल्या गाडीला हळूच उपटतो. तो अडकवायचा तर चासीला घट्ट असलेल्या हुकालाच. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर लावणं इथे पाप समजलं जातं. तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. ओढाओढ चालू असताना बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या पलीकडे उभं राहायचं. आमच्या मार्शलचा त्रिशुरी गोडवा तेवढ्यापुरता नाहीसा होतो.

उतरताना मात्र आप्पा कामी आले. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा नियम. वाळूतही खालचा गिअर, इंजिनचा धाक आणि ब्रेकला सुट्टी. फक्त उतरायचं नाकासमोर, तिरकं कधीच नाही. मागची बाजू घसरू लागली तर ब्रेक नाही, उलट किंचित ॲक्सिलरेटर. हे हातापायांना पटायला मला पाच शनिवार लागले.

विश्रांतीला आम्ही थांबतो ते घाफच्या झाडांपासून अंतर राखून, कारण मुळांवरची वाळू दाबली जाऊ नये. घाफ हा संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा पानं ओळखीची वाटली. घरी येऊन शोधलं तर ही आपली शमीच, जिच्यावर पांडवांनी शस्त्रं लपवली ती. आपल्याकडे दसऱ्याला तिची पूजा करून सीमोल्लंघनाला निघतात, आणि इथेही वाळूचा हंगाम साधारण तेव्हाच सुरू होतो. उन्हाळा सरल्याशिवाय इकडे कोणी फिरकत नाही. झाडाखाली उंटांच्या लेंड्या असतात आणि दुर्दैवाने प्लॅस्टिकच्या पिशव्याही. उंट त्या खातात, पोटात त्यांचा गोळा होतो आणि जनावर उपाशी मरतं. परतताना प्रत्येक गाडीने एक पिशवीभर कचरा उचलायचा, हा आमच्या क्लबचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तसं बघितलं तर आमच्या चाकांनीही वाळवंटाचं काही भलं होत नाही.

डांबराला लागण्याआधी पुन्हा हवा भरायची, नाहीतर मऊ टायर वेगाने तापून फुटतो. कंप्रेसर घरघरतात, तेवढ्यात कोणी केळ्याचे चिप्स काढतं, कोणी खजूर. या दिवाळीत मी चकल्या नेल्या होत्या. तिथूनच आप्पांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी टायरांकडे बघून आधी डोळे बारीक केले.

‘हवा काढून गाडी चालवता? आणि अडकली तर ढकलायला कोण?’

‘अकरा गाड्या असतात, आप्पा. दोर लावून काढतात.’

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘दोर कसला आहे, जरा जवळ धरून दाखव.’