कुळागराच्या सावलीत मंडूकपर्णी

गोव्यातील कुळागरांत माड-पोफळींखाली बरीच जमीन उघडी राहते. पावसाच्या माऱ्याने तेथील माती धुपते व उन्हाळ्यात ओल उडून जाते. अशा अर्धवट सावलीच्या जागी मंडूकपर्णी, अर्थात कारिवणा, ही आपल्याच भूमीतील बहुवर्षायू वनस्पती लावणे हितावह ठरते. तिची खोडे जमिनीवर पसरतात व पेरापेरांशी मुळे धरून मातीस बांधून ठेवतात.

पुष्कळ ठिकाणी हिलाच ‘ब्राह्मी’ म्हणतात. तथापि नीरब्राह्मी ही वनस्पती निराळी होय. मंडूकपर्णीचे पान गोलसर, दातेरी कडांचे व लांब देठाचे असते. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल व देठावाचून असतात.

पावसाळ्याच्या आरंभी जमीन भुसभुशीत करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. मुळे फुटलेले दोन-तीन पेरांचे तुकडे सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. जमीन झाकली जाईपर्यंत तण काढावे व पाऊस सरल्यावर ओल टिकेल इतके पाणी द्यावे.

सुमारे तीन महिन्यांनी पाने मिळू लागतात. ती देठासह खुडावीत. वेल उपटू नये, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. ही वनस्पती गटारांच्या काठीही वाढते. परंतु सांडपाण्यातील विषारी द्रव्ये ती शोषून घेत असल्यामुळे तेथील पाने खाण्यात आणू नयेत. चटणीसाठी घरच्या वाफ्यातील पाने स्वच्छ धुऊन घ्यावीत. औषध म्हणून सेवन मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच करणे इष्ट होय.