पाळणाघर आणि घरातली मोठी लेक

नोकरी आणि संसार यांची सांगड कशी घालावी, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्या लेखनातली स्त्री बहुधा कचेरीत जाणारी, हक्काची रजा असलेली असते. कष्टकरी वस्तीतल्या आईबापांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो.

करवीर तालुक्यातले उचगाव घ्या. हे गाव कोल्हापूर शहराला लागून आहे. जवळच गांधीनगरची कापडपेठ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती. अशा ठिकाणी बाप कारखान्यात पाळीवर आणि आई दुकानात, धुण्याभांड्याला किंवा भांगलणीला गेली, तर तान्हे मूल कोणी सांभाळायचे?

1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि मालकानेही अंग काढून घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. मूल वाढवणे ही एकट्या आईची खासगी बाब नव्हे, हाच त्याचा अर्थ. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच 50 चा आकडा कायम राहिला.

मेख इथेच आहे. पाच नोकरांचे दुकान, शेताचा बांध, भांडी घासण्याची चार घरे यांना हा आकडा लागतच नाही. कायदा जिथे थांबतो तिथे घरातली मोठी लेक उभी राहते. धाकटे भावंड तिच्या कडेवर येते. शाळेच्या हजेरीपटावर तिची गैरहजेरी तेवढी दिसते, तिचे काम दिसत नाही. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पण कडेवर मूल असलेल्या मुलीपर्यंत ती सक्ती पोहोचणार कशी? म्हणून पाळणाघराची मागणी ही मुलींच्या शिक्षणाचीच मागणी आहे.

अंगणवाडी काही तासांची. मजुरीचा दिवस त्याहून मोठा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवता येते. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगावच्या ग्रामसभेत लावून धरावी. शिक्षकांनी गैरहजर मुलीच्या घरी जाऊन कारण विचारावे. आणि समतेच्या सभेला जाणाऱ्या बापाने घरी आल्यावर मूल कडेवर घ्यावे. समतेचा तोही कार्यक्रमच आहे.