सातबारा आणि शेजार

शेजारी निवडता येत नाही, असे आपण म्हणतो. वस्तुतः घर कोणत्या तत्त्वाने मिळाले, यावर शेजार ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावात घर वारशाने येई. भिंतीपलीकडचा मनुष्य बहुधा भावबंदच असे, आणि गल्लीचे नाव घेतले की भावकी कळे. अर्थात दलितांची वस्ती गावकुसाबाहेर राखली ती याच वारशाने. जुन्या शेजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. पुनर्वसनात घराचे माप जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्यांस २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिकास ७५०. जेथे एका मापाची घरे एका रांगेत आली, तेथे शेजाराचा निकष रक्त न राहता सातबारा झाला. सास्तूरसारख्या गावी ‘काका’ ही हाक आज रक्ताच्या नात्याने घातली जाते की केवळ लागून असलेल्या भिंतीमुळे, हे भाषाभ्यासकाने दारोदार जाऊन नोंदविण्याजोगे आहे.