इस्लामी शिक्षण : संशोधनाच्या दोन वाटा

मदरसा म्हणजे केवळ धर्मपाठाची शाळा, अशी पुष्कळांची समजूत असते. इतिहास मात्र तसे सांगत नाही. लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी रूढ केलेल्या ‘दर्से निजामी’ अभ्यासक्रमात धर्मविद्येबरोबरच तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि गणित यांनाही मानाचे स्थान होते.

पुढे धर्मविद्या व आधुनिक विद्या यांची फारकत झाली. ती सांधावी कशी, हा आजच्या इस्लामी शिक्षणविषयक संशोधनाचा एक प्रवाह होय. १९७७ साली मक्केत भरलेल्या जागतिक मुस्लिम शिक्षण परिषदेने त्याला चालना दिली. १९८३ साली मलेशियात आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ निघाले, तेही याच विचारातून.

दुसरा प्रवाह प्रत्यक्ष पाहणीचा. आपल्या देशात सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने दाखवून दिले की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुले शेकडा चारांहूनही कमी आहेत. बाकीची एक तर साध्या शाळेत जातात, नाही तर शाळेबाहेरच राहतात. तेव्हा श्रोतेहो, अभ्यासक्रमाचा वाद कितीही महत्त्वाचा असो, या मुलांच्या शिक्षणाचा मोठा प्रश्न तुमच्या-आमच्या गावच्या शाळेच्या दारातच उभा आहे.