लवकर पोचलेलं विमान

मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो, त्यापेक्षा परतताना जवळजवळ तासभर कमी लागतो. ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्या घरांत हे सर्वांना तोंडपाठ. कारण विचारलं तर मात्र पुष्कळजण सांगतात, ‘खाली पृथ्वी फिरते ना!’ पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतेच की. खरा कर्ता-करविता आहे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वारा, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याला विशेष जोर चढतो.

जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला आणि साऱ्या जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. जगाने अर्थातच तो वाचला नाही! १९४४ साली जपानवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा पुरेपूर भेटला.

फेब्रुवारी २०२० मधल्या कियारा वादळात ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी सहा तासांहून अधिक लागतात. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरवर. पण भोवतालच्या हवेत विमान आपल्या नेहमीच्याच चालीने जात होतं. धावत्या आगगाडीच्या डब्यात आपण चालावं, तसं. उलट दिशेचे हाल वेगळेच. २०११-१२ च्या हिवाळ्यात युरोपहून अमेरिकेला निघालेल्या काही बोइंग ७५७ विमानांना समोरच्या वाऱ्यामुळे इंधन पुरेना आणि वाटेत कॅनडातल्या गँडरला उतरावं लागलं.

बरं, वाऱ्याने वेळ वाचवून दिला, तरी तो हाती पडेलच असं नाही. आमच्या बँकेत चेक कितीही लवकर येवो, क्लिअरिंग आपल्या वेळेलाच निघे. हीथ्रोचंही तसंच. रात्री साडेअकरा ते पहाटे सहा या वेळेत तिथे वर्षाला ५,८०० च उड्डाणं आणि उतरणी करता येतात. शिवाय पहाटे साडेचारच्या आधी विमान उतरवायचं नाही, असं विमान कंपन्यांनी आपणहून ठरवलेलं. म्हणून लवकर आलेला वैमानिक वाटेतच वेग कमी करतो, नाहीतर लंडनच्या आसपास घिरट्या घालतो. प्रवासी चडफडतात. मला विचाराल तर नियम रास्त आहे. वर कुणाची तरी आई लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू घेऊन, पट्टा आवळून बसलेली असते. आणि खाली हाउन्स्लोच्या एखाद्या घरात कुणाच्या तरी लेकीचं तान्हं नुकतंच झोपलेलं असतं.