इरकलीचा कुर्ता

जुनी नऊवारी इरकल कापायची म्हटलं की घरातली एखादी काकू कळवळतेच. तिचं बरोबर असतं. धड साडी नेसावी. कात्री लावावी ती काष्ट्यात आणि टाचेपाशी विरलेल्या साडीलाच. आजीची गडद हिरवी, तांबड्या पदराची इरकल तशीच झाली होती.

आधी ती खिडकीसमोर धरून हात-हात सरकवत पाहिली. विरलेला भाग उजेडात लगेच कळतो. उरलेलं कापड दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणायचं. चर्र झालं तर तेवढा भाग बाद. सुती अंग धुऊन धुऊन मऊ होतं, पण टिकतं. रेशमी पदर मात्र वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून त्या घडीवरच फाटतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यामुळे बाद भाग सोडूनही कुर्त्यापुरतं अडीच मीटर निघालं.

बागलकोट जिल्ह्यातल्या इरकलच्या विणकरांची करामत पदराच्या जोडात असते. अंगाचा सुती ताणा वेगळा, पदराचा रेशमी ताणा वेगळा. दोन्हींचे फास एकमेकांत अडकवून साडी पुढे विणली जाते. हा जोड मी कापू दिला नाही. पदराचा धड तुकडा जोडासकट पाठीवर घेतला आणि त्याला मलमलचं अस्तर लावलं. तांबड्याचा रंग जातो का, हे आधीच ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिलं होतं.

शिंपी मास्तरांना काठ घेराला हवा होता. तिथे तो उठून दिसतो खरा, पण बसताना-उठताना घासून आधी जातोही तोच. म्हणून तो बाह्यांच्या टोकांना आणि खिशांच्या तोंडाला लावला. खिसे दोन, खोल. मोबाइल आणि पास मावत नसतील तर तो कपडा रोजचा नव्हेच.

खरी शिवण बगलेत आहे. आताच्या घट्ट मुंढ्याचा ताण जुन्या कापडाला सोसत नाही. बसची कडी धरायला हात वर केला की तिथेच उसवतं. जुन्या सदऱ्यांना बगलेत चौकोनी तुकडा असायचा, चौबगला. तो घातला की हात मोकळा फिरतो आणि ताण सगळीकडे वाटला जातो. मास्तर हसले, ‘‘ताई, हे तर आमचे वडील शिवायचे!’’ मग त्यांनीच अकरा नंबरची बारीक सुई चढवली, टाका लहान केला आणि कडा आत दुमडून दोनदा शिवल्या.

कुर्त्याखाली जीन्स आणि पायात कोल्हापुरी. नथ, चंद्रकोर, खणाची पिशवी असं सगळं एकदम चढवलं तर ऑफिसात माणूस नाटकातलं पात्र वाटतो, आणि कापडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुनं एकच असावं, बाकी साधं. धुवायला रिठ्याचं पाणी. पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं.