वालाची पेरणी लांबली तर?

रायगडच्या किनारपट्टीवर भातकापणी झाली की खाचरातल्या अंगओलितावर वाल पेरतात. वरून पाणी मिळत नाही; जमिनीतली ओल टिकेल तितकेच पीक. परतीचा पाऊस रेंगाळला की कापणी लांबते, पाठोपाठ पेरणीही. मग नेमके दाणा भरण्याच्या वेळी ओल संपते. पेरणी मागेपुढे झाली तरी बऱ्यापैकी पिकेल, असे वाण निवडता येईल का?

आधी वाल केव्हा फुलतो ते पाहू. काही वनस्पतींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवले. पारंपरिक वाल 'लघुदिवसी' आहे. अलिबागचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. जूनमध्ये पेरलेला असा वाल नुसताच वाढत राहतो आणि दिवस लहान झाल्यावर फुलतो. उलट, हिवाळ्यात उशिरा पेरलेले रोप पुरेसे वाढण्याआधीच फुलू लागते. फांद्या कमी, म्हणून शेंगाही कमी.

दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वालही आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे 'हेब्बाळ अवरे-४' हे असेच वाण. ते वर्षभर घेता येते. मात्र कोकणात एवढ्यावर भागणार नाही. ओल संपण्याआधी दाणे भरावेत म्हणून पीक लवकर तयार व्हायला हवे आणि मुळेही खोल जायला हवीत.

म्हणून एकच वाण वेगवेगळ्या तारखांना पेरून तपासावे लागते. समजा, तीन तारखांना 'अ' वाणाने हेक्टरी १०, ७ व ४ क्विंटल आणि 'ब' वाणाने ८, ७ व ६ क्विंटल उत्पन्न दिले. दोघांची सरासरी ७ च! आता प्रत्येक तारखेची दोन्ही वाणांची सरासरी (९, ७, ५) आडव्या अक्षावर आणि वाणाचे उत्पन्न उभ्या अक्षावर मांडा. 'अ' च्या रेषेचा चढ १.५, 'ब' चा ०.५ येतो. फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये बार्लीसाठी वापरलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप. चढ जितका कमी, तितके वाण स्थिर. पण दरवेळी ३ क्विंटलच देणारे वाणही स्थिरच ठरेल! म्हणून चढ आणि सरासरी दोन्ही पाहावे लागतात.

शाळेत दर महिन्याच्या १ तारखेला डब्यात वाल पेरून पहिले फूल किती दिवसांनी येते याची नोंद ठेवा. वर्षभरात आपल्या गावच्या वालाचा स्वभाव विद्यार्थ्यांना कळेल.